बंद पाठीचं ब्लाउज

माझ्या भाचीच्या साखरपुड्याचं ब्लाउज मी तिच्या नकळत बंद पाठीचं करून घेतलं होतं. ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती. मी सावकाश लिहिते, आणि त्या वर्षांत लिहिण्याच्या रांगेत याच्या पुढे दुसरं बरंच काही होतं.

नव्वदचं दशक होतं. मिशिगनमध्ये ट्रॉयजवळच्या एका वाचनालयात मी नव्या पुस्तकांना क्रमांक देण्याचं काम करत होते. लग्न केलं नव्हतं. माझी थोरली बहीण माझ्या घरापासून बारा मिनिटांवर राहायची. साखरपुड्याच्या चौदा महिने आधी ताई गेली. मागे राहिले भावजी, जे मुळातच कमी बोलत आणि आता त्याहून कमी बोलू लागले होते, आणि त्यांची एकुलती एक मुलगी.

भाचीच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कोडाचा डाग होता. सातवीत असताना उमटला तेव्हा तो लिंबाच्या फोडीएवढा होता. बारावीपर्यंत पुरीएवढा झाला आणि मग वाढायचा थांबला. डॉक्टरांनी ताईला नीट समजावून सांगितलं, की यानं मुलीला काही त्रास नाही आणि तिच्यापासून दुसऱ्या कुणाला नाही. ताईनं सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांचे आभार मानले आणि घरी येताना वाटेत बंद गळ्याचे तीन स्वेटर घेतले.

आमच्या घरात हे नवीन नव्हतं. आमच्या आत्याच्या दोन्ही हातांवर कोड होतं. ती सत्तर वर्षांची होईपर्यंत मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी घालत होती. ताईला किंवा मला मुलगा बघायला येणार असला की आत्याला चार दिवस नरसोबाच्या वाडीला पाठवत. आमच्या गल्लीत आत्याइतक्या वेळा वाडीला जाऊन आलेली बाई दुसरी नव्हती. लोक तिला फार धार्मिक समजत.

तेव्हा ताईनं भाचीला पोहण्याचा क्लास बंद करायला लावला, शाळेच्या नाचाला जायचा ड्रेस गळ्यापर्यंत शिवून घेतला, याचं मला आश्चर्य वाटलं नव्हतं. ते ड्रेस आणायला मीच तिच्याबरोबर जात असे.

हॉस्पिटलातल्या शेवटच्या आठवड्यात ताई माझ्याशी व्यवहाराचंच बोलली. गॅरेजच्या दाराला तेल घालायला भावजींना आठवण कर. फ्रीझरमध्ये कटाचं वाटण आहे, ते टाकू नका. मग म्हणाली, "लग्नात तिच्या पाठीचं तू बघ." मी हो म्हटलं. आजाऱ्याचं समाधान व्हावं म्हणून म्हणतात तसं ते नव्हतं. मी खरंच बघणार होते.

लग्न ठरलं ते जवळच्याच नोव्हाय गावातल्या एका मुलाशी. गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मराठी. दोघांनी आपलं आपण ठरवलं होतं. मुलाला डाग माहीत होता. त्याच्या आईला नव्हता. साखरपुडा लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी करायचा असं ठरलं, कारण तेव्हाच पाहुणे जमणार होते.

त्या सुमारास आमच्याकडच्या बायकांना बोलायला एक विषय पुरत होता. एका काकूंच्या तळघरात हळदीकुंकू होतं. आदल्या महिन्यात झालेल्या कुणाच्या तरी रिसेप्शनचा अल्बम हातोहात फिरत होता.

"हे ब्लाउज आहे का ब्लाउजची आठवण?" एक काकू म्हणाल्या.

"कापड परवडत नसेल हो."

"डॉक्टर आहेत दोघं. त्यांना नाही परवडत?"

"पुढून बघा, पुढून. मी तर पान उलटलं पटकन."

त्यांनी ते पान चार वेळा पटकन उलटल्याचं मी पाहिलं. मग त्यांच्या स्वतःच्या मुलीचा विषय निघाला. ती पंचवीस वर्षांची होती आणि तिचं जमत नव्हतं.

"तिला म्हटलं, अगं जिमला जा, जरा फिटिंगचं घाल, स्मार्ट रहा. सदानकदा हे असं लायब्रेरियनसारखं," असं म्हणून त्या थांबल्या आणि मला आणखी एक करंजी घ्यायचा आग्रह करू लागल्या.

मी करंजी घेतली. अल्बममधल्या मुलीला त्या दिवशी मीही हसले होते. बाविसाव्या वर्षापर्यंत सगळं झाकायचं आणि तेविसाव्या वर्षी सगळ्यांनी बघितलं पाहिजे असं दिसायचं, हे वेळापत्रक मुलींनी कसं पाळावं याचा विचार कुणी केला नव्हता. मीही केला नव्हता. मला फक्त ती पाठ उघडी दिसली आणि मनात आलं, हिला लपवण्यासारखं काही नाही, म्हणून हिचं चाललंय.

एप्रिलमध्ये भाची आणि मी न्यू जर्सीला, आयसेलिनला खरेदीला गेलो. दहा तासांचा रस्ता. तिनं ड्राइव्ह केलं, मी नकाशा धरला. तिथल्या ओक ट्री रोडवर ओळीनं भारतीय कपड्यांची दुकानं होती. तिसऱ्या दुकानात तिला डाळिंबी रंगाचा घागरा आवडला. त्यावरच्या ब्लाउजला पाठ नव्हती. मानेशी एक नाडी होती, कमरेच्या वर एक, आणि मधे काही नाही.

"हाच," भाची म्हणाली.

"पाठीला थोडं कापड असलेलं बघूया का?" मी म्हटलं.

"नाही मावशी. हाच."

दुकानाच्या मालकीणबाई गुजराती होत्या. त्या माझ्याकडे कळवळ्यानं बघत म्हणाल्या, "बेन, आजकल बॅक में यही चलता है. सब दुल्हन लोग यही माँगती है." मग त्यांनी मास्टरना बोलावलं. मास्टरनी भाचीच्या शर्टावरूनच माप घेतलं. ब्लाउज शिवून पार्सलनं पाठवणार होते. माझ्या मनात आलं, हिला आपली पाठ स्वतःला कधी दिसत नाही, म्हणून ती विसरली असेल. इतकी वर्षं आम्ही तिला आठवण करून देत होतो, आणि आता आठवण करून देणारी नव्हती. माझा अंदाज असा होता, की मैत्रिणींनी असली ब्लाउजं घातली, मग हिलाही घालावंसं वाटलं. दुकानात हे बोलायचं नव्हतं. परतीच्या रस्त्यातही मी बोलले नाही. मी फारशी बोलत नाहीच.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत वाचनालयाच्या मागच्या खोलीतून मी दुकानात फोन लावला आणि मास्टरना मागितलं. म्हटलं, डाळिंबी घागऱ्याचं ब्लाउज, पीछे से पूरा बंद कर दीजिए.

"लेकिन बेटी ने तो खुला बोला था," मास्टर म्हणाले.

"मैं उसकी मौसी बोल रही हूँ."

"हाँ जी, मौसीजी. हो जाएगा."

या देशात मावशीला बँकेत, शाळेत किंवा हॉस्पिटलात काहीच अधिकार नसतो. ताईच्या आजारात मला ते पुरतं कळलं होतं. ओक ट्री रोडवर मात्र होता. फोन ठेवल्यावर मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

पार्सल आलं तेव्हा साखरपुड्याला नऊ दिवस होते. भाचीनं ते ताईच्या खोलीत उघडलं. मी पलंगावर बसले होते. तिनं ब्लाउज हातात घेऊन उलटं केलं, सुलटं केलं, मग घड्या घालून पुन्हा डब्यात ठेवलं.

"तू फोन केलास ना त्यांना?"

मी हो म्हटलं. मास्टरचा घोटाळा म्हणता आलं असतं, पण मास्टरांचं काम फार चांगलं होतं. पाठीला अस्तर लावून, आतून दुहेरी शिवण घातली होती.

"आईनं सांगितलं होतं मला," मी म्हटलं. "तुझ्या पाठीचं बघायला."

"आय नो. मलापण सांगितलं होतं." ती खाली गालिच्यावर बसली. "मावशी, तुला काय वाटलं, मला फॅशन करायची होती?"

"हो."

"घागरा मला आवडलापण नाहीये फार. जड आहे. पण बॅक सगळ्यात ओपन त्याचीच होती."

मी पार्सलच्या कागदाची घडी घातली.

"तो म्हणतो, आईला सांगायची काही गरज नाही, तिला तुझी पाठ कधी दिसणारच नाही. ही थिंक्स ही इज बीइंग स्वीट. म्हणजे मी काय, पुढची चाळीस वर्षं त्यांच्यासमोर भिंतीला पाठ लावून उभी राहू? आणि लग्नानंतर दिसलं की ते म्हणणार, फसवलं. आधी दिसलं पाहिजे. लग्नाच्या आधी. मग ज्याला जे करायचं ते करता येतं."

"मग नुसतं सांगून टाक ना त्यांना."

"दोनदा फोन केला मी. पहिल्यांदा त्यांनी विचारलं जिलबी ठेवायची की गुलाबजाम. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या गुलाबजामच ठेवू." ती जरा हसली. "आणि सांगितलं ना, की ते कन्फेशन होतं, मावशी. दिसलं की ती नुसती पाठ असते."

मी विचारलं, "आणि त्यांनी मोडलं तर?"

"तर आदल्या दिवशी मोडेल," ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला आणि ती बराच वेळ गालिच्यातले धागे ओढत बसली. तिला तो मुलगा फार आवडत होता. ते मला माहीत होतं, आणि मोडलं तर तिचं काय होईल तेही माहीत होतं.

शेवटी तिनं डबा माझ्या मांडीवर ठेवला. "तू बंद केलंयस. तूच उसव."

मला शिवणकाम येत नाही. ते ताईला येत होतं. तिच्याच डब्यातली लहान कात्री घेऊन मी दोन दुपारी त्या दुहेरी शिवणीपुढे बसले. एकेक टाका कापायचा, टोकानं दोरा ओढायचा, पुढे जायचं. अर्ध्यावर एकदा मी थांबले. ताईनं माझ्याकडून एकच गोष्ट मागून घेतली होती आणि ती मी टाक्याटाक्यानं मोडत होते. ताई असती तर कात्री काढून घेतली असती. ती नव्हती, म्हणून मी पुढचा टाका कापला.

पाठीचा तुकडा निघाला तेव्हा कडा वेड्यावाकड्या झाल्या होत्या. मास्टरनी मूळच्या नाड्या पाठवल्या नव्हत्या, म्हणून निघालेल्या कापडाच्याच नाड्या केल्या. त्या एकीपेक्षा एक जाड झाल्या. भाचीनं घालून पाहिलं आणि म्हणाली, "पर्फेक्ट." ते खरं नव्हतं.

साखरपुडा देवळाच्या खालच्या हॉलमध्ये होता. सव्वाशे माणसं होती. मी सकाळी शेवटचा प्रयत्न म्हणून केस मोकळे सोडायचं सुचवलं. भाचीनं अंबाडा घातला, तोही उंच. हॉलमध्ये ती आली ती पाठ भिंतीकडे आणि तोंड लोकांकडे अशीच येऊन पाटावर बसली, त्यामुळे पहिली दहा मिनिटं कुणालाच काही दिसलं नाही. फक्त उघड्या बाजू दिसल्या. हळदीकुंकवाला अल्बमचं पान चार वेळा उलटणाऱ्या काकू माझ्या शेजारी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आई नसली की असं होतं."

मुलाची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, नागपूरकडच्या. आवाज मोठा आणि स्वच्छ. त्यांनी भाचीला कुंकू लावलं, ओटी भरली, साडी दिली. आता राहिली वेणी. साखरपुड्याला सासरच्या बाईनं मुलीला वेणी माळायची असते, आणि ती माळायला मागे जावं लागतं. हे भाचीला माहीत होतं. तिनं मला आठवडाभर आधी नीट विचारून घेतलं होतं, कोण माळतं आणि कुठे उभं राहून.

विहीणबाईंनी वेणी स्वतः ओवलेली होती. ती हातात आणि दोन आकडे तोंडात धरून त्या मागे गेल्या, आणि तिथे उभ्या राहिल्या. भाची सरळ समोर बघत होती. मांडीवरच्या ओटीतला नारळ तिनं दोन्ही हातांनी धरला होता. मुलगा एकदम उठू लागला, आणि भाचीनं त्याच्याकडे न बघता मान हलवून त्याला बसवलं.

विहीणबाईंनी आकडे तोंडातून काढले.

"हे काय गं?"

"कोड आहे, काकू."

भाचीचाही आवाज स्वच्छ होता, मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"कधीपासून?"

"सातवीत होते तेव्हापासून. आता वाढत नाही."

"दुखतं?"

"नाही."

"खाजतं?"

"नाही."

"मग मान खाली कर. वेणी बसत नाहीये."

भाचीनं मान खाली केली. वेणी बसायला फार वेळ लागला.

बटाटेवड्यांच्या रांगेत माणसं हळू बोलत होती. आमच्या काकूंची अडचण झाली होती. बेशरम म्हणायचं ठरवून झालं होतं, आता बिचारी म्हणावं लागत होतं, आणि बिचारी मुलगी समोर तिसरा वडा खात होती. "घालायचंच होतं तर वरून मेकअप तरी लावायचा," त्या म्हणाल्या. "मिळतो आता." दुसऱ्या कुणीतरी म्हणालं, पाठ झाकली असती तर हा प्रश्नच आला नसता. सगळ्यांना ते पटलं.

विहीणबाईंनी मला चहाच्या टाकीशी गाठलं.

"माझ्या मुलाला माहीत होतं?"

"हो. पहिल्यापासून."

"आणि मला कुणी सांगितलं नाही. उद्या लग्न आहे, आणि आज सव्वाशे माणसांसमोर मला दाखवताय."

"ती दोनदा फोन करून सांगणार होती. तुम्ही गुलाबजामचं विचारलंत."

त्यांनी थोडा विचार केला. "ते ठरायचंच होतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मोठ्या आहात घरातल्या. बंद पाठीचं घाल म्हणून सांगायचं सुचलं नाही तुम्हाला?"

"सुचलं होतं. करूनही घेतलं होतं. मग उसवलं."

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "ब्लाउज वाईटच आहे. ते मी बोलतच नाहीये." आणि चहा न घेता त्या निघून गेल्या. मुलगा त्यांच्यामागे गेला. भावजी रिकामा कप घेऊन तिथेच उभे होते.

मुहूर्त सकाळी साडेदहाचा होता. सव्वादहा झाले, दहा वीस झाले, मुलाकडचं कुणी आलं नाही. गुरुजी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. भाची पिवळ्या साडीत आतल्या खोलीत खुर्चीवर बसली होती. मी तिच्याजवळ उभी होते. ती एकदाच बोलली. "मावशी, आदल्या दिवशी मोडेल म्हटलं होतं मी. सेम डेचा विचार नव्हता केला." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. शेला होता मधे.

दहा बत्तीसला दोन गाड्या आल्या. पहिल्या गाडीतून विहीणबाई उतरल्या आणि मुलाकडे न बघता थेट आत आल्या. उशीर का झाला ते नंतर मुलानं सांगितलं. गाडी तो चालवत होता, देवळाचा रस्ता लिहिलेला कागद आईकडे होता, आणि आई आदल्या दुपारपासून त्याच्याशी बोलत नव्हती. दोन एक्झिट चुकल्या तरी ती बोलली नाही. अक्षता पडल्यावर ती त्याच्याशी बोलू लागली. पहिलं वाक्य काय होतं ते त्यानं सांगितलं नाही. भाचीशी मात्र विहीणबाई आतल्या खोलीतच बोलल्या होत्या. दारातून म्हणाल्या होत्या, "चल, उशीर झालाय."

तीन आठवड्यांनी नोव्हायला विहीणबाईंकडे आम्हाला जेवायला बोलावलं होतं. जेवणानंतर लग्नाची व्हिडिओ कॅसेट लावली. कॅमेरामन आमच्या बाजूनं ठरवलेला होता. साखरपुड्याचा भाग आला. कुंकू झालं, ओटी झाली, साडी झाली. मग एकदम बटाटेवडे आले.

"वेणी कुठाय?" विहीणबाई म्हणाल्या.

त्यांनी टेप मागे नेली. कुंकू, ओटी, साडी, बटाटेवडे. "मी माळली ना वेणी? अर्धा तास गेला त्यात. कुठाय ते?"

जावई म्हणाला, टेप बदलत असेल तेव्हा. त्यांनी लग्नाचाही भाग बघितला, रिसेप्शनचाही. अडीच तासांच्या कॅसेटमध्ये भाची सतत समोरून होती. चालताना समोरून, वाकून नमस्कार करतानाही समोरून. कॅमेरामननं पुष्कळ कष्ट घेतलेले दिसत होते.

"मी सांगितलं होतं त्याला," भावजी म्हणाले. "पाठीमागून घेऊ नको म्हणून. साखरपुड्याच्या आधीच सांगून ठेवलं होतं."

भाची त्यांच्याकडे बघत राहिली. ती रागावली नव्हती.

"का हो?" विहीणबाईंनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"सवयीनं," भावजी म्हणाले.

सगळ्यांनी मग माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी सांभाळून घेईन म्हणून. ती सवय मला भावजींपेक्षा जुनी होती.